‘सी’ची कॅथरीन, ‘के’ची कॅथरीन



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवलं. स्पेलिंगच्या बाबतीत ते फार काटेकोर होते, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम स्पेलिंगमधलाच घेतला आहे. मात्र शब्दांचं स्पेलिंग नव्हे, माणसांच्या नावांचं.

कॅथरीन, रॉबिन, अँथनी, ॲश्ली ही इंग्रजी बोलणाऱ्या समाजातली जुनी नावं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती इतक्या तऱ्हांनी लिहिली जाऊ लागली आहेत की तिकडे त्यावरून घराघरांत रुसवेफुगवे होतात. आजीला नातीचं नाव लिहिता येत नाही. शिक्षिकेला हजेरी घेताना अडखळायला होतं. आणि अशा नावांची टिंगल तर सर्रास चालते. ‘ट्रॅजेडी’ हा शब्दच या नावांच्या थाटात, शेवटी ई-आय-जी-एच जोडून लिहायचा आणि हसायचं. आईबापांनी पोराच्या नावाचं वाटोळं केलं, असा त्याचा अर्थ.

खरंच वाटोळं केलं का? एवढा एकच प्रश्न आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आधी एक अडचण सांगतो. हा विषय मराठीत बोलणं कठीण आहे, कारण देवनागरीत हा भेद दिसतच नाही. एक कॅथरीन सी-ने सुरू होते, दुसरी के-ने. तिसरीच्या मध्ये ई असतो, चौथीच्या मध्ये ए. पाचवी शेवटी आर-वाय-एन एवढंच लिहिते. या पाचजणी इथे बसल्या असत्या आणि मी एकदा हाक मारली असती, तर पाचही जणींनी वळून पाहिलं असतं. आपण ‘कॅथरीन’ लिहितो आणि मोकळे होतो. म्हणून आज मला वरचेवर अक्षरं म्हणून दाखवावी लागतील.

तर या पाचांतलं बरोबर कोणतं?

पोथीत शोधायला जावं, तर मूळ नाव ग्रीक, आणि ग्रीकमध्ये ते के-च्या उच्चाराने नव्हे, ‘ऐ’ने सुरू होतं: ऐकातेरिने. त्याचा मूळ अर्थ काय, यावर पंडितांचं एकमत नाही. पुढे ख्रिस्ती लोकांनी त्याचा संबंध ‘काथारोस’, म्हणजे शुद्ध, या ग्रीक शब्दाशी जोडला. तो जोडल्यावर नावाच्या स्पेलिंगमध्ये टी-च्या मागे एच आला. म्हणजे ज्याला आज आपण पारंपरिक, शुद्ध स्पेलिंग म्हणतो, त्यातला एच हा मुळात नाव अधिक चांगलं दिसावं, त्याला चांगला अर्थ मिळावा म्हणून घातलेला आहे!

आणि तो उच्चारला जात होता का? नाही. पुरावा लाडक्या नावांत आहे. कॅथरीनची केट होते, किटी होते. थॉमसचा टॉम, अँथनीचा टोनी, एलिझाबेथची बेटी. सगळीकडे ‘ट’. घरातली माणसं ‘ट’च म्हणत होती, कागदावर मात्र टी-एच होतं. अँथनीची गोष्ट तर आणखी मजेची. लॅटिन नाव अँटोनियस, त्यात एच नाही. नावाचा संबंध फुलासाठी असलेल्या ‘आंथोस’ या ग्रीक शब्दाशी असावा, असं वाटलं आणि विद्वानांनी एच घातला. इंग्लंडमध्ये अजूनही अनेकजण एच लिहून ‘अँटनी’च म्हणतात; अमेरिकेत लोकांनी अक्षर पाहिलं आणि उच्चारही बदलला. आधी अक्षर आलं, मागून उच्चार आला. आज कोणी हौसेने एखादं अक्षर घातलं की आपण त्याला अडाणी म्हणतो. सोळाव्या शतकात तेच विद्वानांनी केलं, तेव्हा त्याची परंपरा झाली.

आता ट्यूडर दरबारात चला. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, त्यांतल्या तीन कॅथरीन. पहिली स्पेनहून आलेली. राजाच्या एका चिलखताच्या काठावर एच आणि के ही अक्षरं प्रेमाच्या गाठींनी जोडलेली आहेत. ते चिलखत आजही लंडनमध्ये आहे. शेवटची राणी कॅथरीन पार. विदुषी होती, स्वतःची पुस्तकं छापलेली बाई. ती सही कशी करी? के-ए-टी-ई-आर-वाय-एन. के आहे, वाय आहे, आणि तो शुद्धतेचा एच मात्र नाही. आज एखाद्या मुलीचं नाव असं लिहिलं तर लोक म्हणतील, हे काय नवीन खूळ! ते खूळ इंग्लंडच्या राणीने पावणेपाचशे वर्षांपूर्वी सहीत वापरलेलं आहे.

वाय या अक्षराकडे जरा थांबून पाहू, कारण टिंगल करणाऱ्यांचा सगळा राग या वायवर आहे. ‘जिथे तिथे वाय घुसडतात’ ही त्यांची तक्रार. मध्ययुगातल्या लेखनिकांच्या बोरूने लिहिलेलं आय, एन, एम, यू हे सगळं सारख्याच उभ्या रेघांचं असे. चार-पाच रेघा शेजारी आल्या की कोणतं अक्षर कुठे संपलं ते कळेना. म्हणून आयच्या जागी वाय लिहायची सोय होती; त्याची शेपटी ओळीखाली उतरे आणि शब्द वाचता येई. रॉबिन हूडच्या जुन्या छापील काव्यात रॉबिन वायनेच लिहिलेला आहे. आज रॉबिन नावाच्या मुली वाय लिहितात आणि मुलगे आय, तेव्हा लोकांना वाटतं वायची ही फॅशन काल आली. एकोणिसाव्या शतकातही वायची एक लाट येऊन गेली. मध्ययुगाचं वेड लागलेला तो काळ. ‘सिबिल’ या नावात ग्रीकप्रमाणे पहिला स्वर आय आणि दुसरा वाय असायला हवा. १८४५ साली ब्रिटिश राजकारणी आणि लेखक डिझरायलीची ‘सिबिल’ कादंबरी आली ती दोन्हींची अदलाबदल करून, आणि आज तेच रूप अधिक चालतं. बर्ट्रांड रसेलची पहिली पत्नी ॲलिस, जन्म १८६७ चा, ती ए-एल-वाय-एस अशी लिहिली जाई. ऑस्कर वाइल्डचा धाकटा मुलगा व्हिव्हियन. त्याच्या नावात दोन वाय! यांना कोणी अडाणी म्हटलं नाही. का नाही म्हटलं, याचं उत्तर पुढे येईल.

श्रोतेहो, इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग सगळं पूर्वीसारखंच आहे, नवीन काही घडलेलं नाही. तसंही नाही. नवीन घडलं आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

शेक्सपिअरच्या सहा सह्या आज उपलब्ध आहेत. १६१२ ते १६१६ या काळातल्या, न्यायालयाच्या, खरेदीखताच्या आणि मृत्युपत्राच्या कागदांवरच्या. त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आज आपण जे स्पेलिंग लिहितो ते त्यांतल्या एकीतही नाही. आडनाव सोडा, ‘विल्यम’ हे नावसुद्धा कुठे पूर्ण, कुठे तुटक. इंग्रजी भाषेतला सर्वांत मोठा लेखक स्वतःचं नाव एका ठरावीक तऱ्हेने लिहीत नव्हता, आणि त्याचं त्याला काही वाटत असल्याचं दिसत नाही.

सामान्य माणसाचं काय? १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने इंग्लंडमधल्या प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी लागली. त्या वहीत नाव लिहिणार कोण? पाद्री, नाहीतर त्याचा कारकून. तो ऐकेल तसं लिहिणार. आज एक लिहील, पाच वर्षांनी दुसरा दुसरं लिहील. ज्याचं नाव, त्याला वाचताच येत नसे. १७५४ पासून नवरानवरीने लग्नाच्या नोंदीवर सही किंवा खूण करायची, असा कायदा झाला. त्या नोंदींवरून आपल्याला कळतं की १८४० च्या सुमारासही इंग्लंडमध्ये एकतृतीयांश नवरदेव आणि निम्म्या नवऱ्या सहीच्या जागी फुली मारत होत्या. निम्म्या नवऱ्या! त्यांतल्या एखाद्या ॲनच्या नावाच्या शेवटी ई आहे की नाही, हे ठरवणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला होता.

म्हणजे पूर्वी एका माणसाची चार स्पेलिंगं होती, आणि ती लिहिणाऱ्याच्या मालकीची होती. आता चार माणसांची चार स्पेलिंगं आहेत, आणि प्रत्येक स्पेलिंग त्या त्या माणसाच्या मालकीचं आहे. नवीन आहे ते हे. शब्दांची स्पेलिंगं सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशाने आणि पुढे शाळांनी पक्की केली. कोशात नावं नव्हती. १८७० नंतर इंग्लंडमध्ये शाळा सर्वांपर्यंत पोचली. लोक स्वतः लिहू लागले, स्वतःची सही करू लागले, आणि मग ‘माझं नाव असं लिहितात’ असं म्हणता येऊ लागलं. १९०८ च्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कॅनडातल्या कादंबरीतली अनाथ पोर पहिल्याच भेटीत आपल्या नावाच्या शेवटच्या ई-साठी हट्ट धरते. तो ई ऐकू येत नाही. पण त्या मुलीकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं काहीच नाही. तिची आजी-पणजी असती तर तिला हा हट्ट सुचलाही नसता. त्या हट्टासाठी आधी लिहिता यावं लागतं.

मग मुलांसाठी वेगळी स्पेलिंगं का शोधू लागले? कारण नावं थोडी आणि माणसं फार, ही इंग्लंडची जुनी स्थिती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन, विल्यम आणि थॉमस या तीन नावांतच सुमारे निम्मे पुरुष येत. गावात दहा मेऱ्या असतील तर त्यांना ओळखायचं कसं? लाडक्या नावांनी. एक मॉली, एक पॉली, एक मे. एका एलिझाबेथपासून बेस, बेटी, एलायझा, लिझी निघाल्या. हा फरक कानाचा होता. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याकडे १८८० पासूनच्या जन्मांची नावं आहेत. त्या वर्षी मुलांमध्ये जॉन सुमारे आठ टक्के होते. आज तिथे पहिल्या क्रमांकाचं नावही एक टक्क्याच्या आसपास असतं. कुणालाच वर्गात त्याच नावाचं दुसरं पोर नको आहे. पण आजीचं नाव तर ठेवायचं आहे! मग नाव तेच ठेवायचं आणि डोळ्यांना दिसेल असा फरक करायचा. पूर्वी जे काम लाडक्या नावाने केलं, ते आता अक्षर करतं.

एक उदाहरण घेऊ. आयर्लंडमध्ये कॅथरीनचं एक रूप आहे, ज्याचा आयरिश उच्चार साधारण ‘कातलीन’च्या जवळ जातो. स्पेलिंग सी-ए-आय-टी-एल-आय-एन. अमेरिकेतल्या आईबापांनी ते कागदावर पाहिलं आणि इंग्रजीच्या रीतीने ‘केटलिन’ वाचलं. केट आहेच, पुढे लिन. छान वाटलं. आता उच्चार ‘केटलिन’ झाला, तर स्पेलिंगही तसंच का नको? केट-सारखं के-ए-टी-ई करा, शेवटी वाय घाला. एकोणीसशे नव्वदच्या दशकात या एका नावाची तीन रूपं अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या शंभर नावांत एकाच वेळी होती. सरकारी यादी प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजते, त्यामुळे ते नाव प्रत्यक्षात किती घरांत पोचलं होतं हे यादी चाळताना लक्षातच येत नाही. आणि आईबाप यादी पाहूनच ठरवतात. त्यांना वाटतं, आपण विसाव्या-तिसाव्या क्रमांकाचं नाव निवडलं, वर्गात दुसरी नसेल. पहिल्या दिवशी हजेरी सुरू होते आणि चार मुली ‘हजर’ म्हणतात. आईबापांना हवी असलेली वेगळेपणाची खूण डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येत नाही; या साऱ्या फॅशनमधली उणीव कुठली असेल तर ती ही, असं माझं मत आहे.

एडनचंही तसंच. सातव्या शतकात नॉर्थम्ब्रियात धर्मप्रसार करणारा आयरिश संत एडन, त्याचं इंग्रजी रूप शेवटी ए-एन. अमेरिकेत लोकांनी ते ई-एन करून घेतलं, आणि आता ई-वालं रूप मूळ रूपाच्या कितीतरी पुढे गेलं आहे. अजून एका पिढीने ए-वाला एडनच स्पेलिंग समजावून सांगत बसेल.

आणि ‘ली’? ॲश्ली हे मुळात जागेचं नाव, मग आडनाव, मग पुरुषाचं नाव. ‘गॉन विथ द विंड’मधला ॲश्ली आठवा. १९९१ आणि १९९२ साली ते अमेरिकेत मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं. शेवटचा ‘ली’ जुन्या इंग्रजीतला, अर्थ रानातली मोकळी जागा. तो एल-ई-वाय लिहितात, तसाच एल-ई-आय-जी-एच-ही लिहितात. इंग्लंडच्या गावांच्या नावांत दोन्ही शेकडो वर्षं आहेत. १९८५ साली मॅरिलियन या ब्रिटिश बँडचं ‘केली’ हे गाणं गाजलं, त्यात हाच लांब शेवट होता, आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये त्या नावाच्या मुलींची एक पिढीच जन्मली. गाणं आवडलं म्हणून लेकीचं नाव ठेवणं, यात मला तरी हसण्यासारखं काही दिसत नाही.

आता ते राहिलेलं उत्तर. राणीच्या वायला कोणी हसलं नाही, वाइल्डच्या मुलाच्या दोन वायना कोणी हसलं नाही. अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँडने तरुणपणी नावातला मधला ए काढून टाकला, ती तिची कलावंताची खूण ठरली. मग हसतात कुणाला? दुकानात काम करणाऱ्या आईच्या मुलीला. काळ्या वस्तीतल्या मुलाला. अँथनीचं फ्रेंच रूप आंत्वान. अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांनी ते कानावर पडेल तसं, इंग्रजी वाचणाऱ्याला नीट वाचता येईल असं लिहिलं, ए-एन-टी-डब्ल्यू-ने. लेखक अँट्वोन फिशरच्या नावात तेच आहे. त्याच्या आयुष्यावर डेन्झेल वॉशिंग्टनने २००२ साली चित्रपट काढला. नीट पाहा, फ्रेंच स्पेलिंगपेक्षा हे स्पेलिंग इंग्रजीच्या रीतीला अधिक धरून आहे. ज्या समाजाची नावंच गुलामीत मालकांनी ठेवली होती, त्याने आपल्या लेकरांची नावं आपल्या अक्षरांत लिहिली, तर त्याला आपण चूक म्हणणार? बास्केटबॉलपटू ड्वेन वेडच्या नावात वाय आणि ए यांची जागा नेहमीपेक्षा उलट आहे. ते त्याच्या वडिलांचंही नाव. ती त्या घराची परंपरा आहे. ओप्रा विन्फ्रीचं नाव बायबलातल्या रूथच्या गोष्टीतल्या ओर्पावरून ठेवलं होतं. लोकांच्या तोंडी अक्षरांची जागा बदलली, आणि आज साऱ्या जगाला ओप्रा ठाऊक आहे, ओर्पा कुणाला आठवत नाही.

हे हसणं नुसतं हसण्यावर थांबत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. गोऱ्या वळणाच्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळ्या वळणाच्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. तो प्रयोग नावांचा होता, स्पेलिंगचा नव्हता. पण कागदावरच्या अक्षरांवरून माणसाची जात-वर्ग ओळखण्याची ही सवय कशी चालते, ते त्यातून दिसतं. म्हणून मला ही टिंगल निरुपद्रवी वाटत नाही. मला तिची चीड येते.

पण म्हणून वेगळ्या स्पेलिंगला किंमत मोजावी लागत नाही, असं मी म्हणणार नाही. ती रोज मोजावी लागते. ती मूल मोजतं, आईबाप नाही. दवाखान्यात, बँकेत, विमानतळावर प्रत्येक वेळी अक्षरं सांगायची. इंग्रजी कायद्यात एक जुनं तत्त्व आहे, ‘आयडेम सोनान्स’: ऐकायला सारखं असेल तर स्पेलिंग चुकलं तरी नाव तेच धरायचं. फार शहाणं तत्त्व! ते बोलत्या माणसांच्या जगातलं होतं. यंत्राला कान नाहीत. १९१८ साली अमेरिकेत साउंडेक्स नावाची युक्ती पेटंट झाली, पुढे जनगणनेच्या नोंदी शोधायला ती वापरली. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर, एच, डब्ल्यू आणि वाय सोडून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. म्हणजे ज्या वायवरून एवढा गहजब, तो साउंडेक्सला दिसतच नाही. सगळ्या केटलिन एका खणात. फक्त पहिलं अक्षर सोडून! सी-ची कॅथरीन सी-३६५, के-ची कॅथरीन के-३६५. ऐकायला एकच असलेल्या दोघी दोन खणांत.

आपल्याकडे हे नाही, असं समजू नका. मोडी लिहिणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर केली नाही. आजही ‘सुनीता’ची नी कुठे पहिली, कुठे दुसरी असते, आणि दोन कागदांवर दोन असली तर एका सुनीताबाईंना प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

आणि आता तर हा प्रश्न थेट आपल्या घरांत आला आहे. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरात मुलगा होतो. नाव ठरतं नील. लिहायचं कसं? मध्ये दोन ई लिहिले तर तो आपला नील, निळ्या रंगाचा. ई-आय लिहिलं तर ते आयर्लंड-स्कॉटलंडचं जुनं नाव, चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या आर्मस्ट्राँगचं. उच्चार एकच. दोन ई-वाल्याला कधीमधी स्पेलिंग सांगावं लागेल. ई-आय-वाल्याला सांगावं लागणार नाही, पण आडनाव वाचेपर्यंत तो कुठला हे कोणाला कळणारही नाही. मी दोन्ही निवडलेली घरं पाहिली आहेत, दोन्हीकडे आईवडिलांनी रात्र रात्र विचार केलेला होता. भारतातल्या आजी-आजोबांना मात्र फोनवर नुसतं ‘नील’ एवढंच कळवलं होतं. या सभागृहात असे आजी-आजोबा असतील. तुमच्या नातवंडाचं नाव कोणत्या अक्षरांनी लिहिलं आहे आणि त्याच्या आईबापांनी ती अक्षरं का निवडली, हे सभेनंतर मला सांगितलंत तर मला ते ऐकायचं आहे.